उरलेले अर्धे तिकीट

लग्नाकार्याला निघालेला माणूस पूर्वी जाण्यायेण्याचे तिकीट एकदमच काढी, कारण ते स्वस्त पडे. पण तिथे गेल्यावर बेत बदले. मामा आग्रहाने ठेवून घेत, नाहीतर परतताना दुसरीच वाट धरावी लागे. मग खिशातले अर्धे तिकीट तसेच उरे. पैसे आपण मोजलेले. ते दुसऱ्याला विकले तर रेल्वेचे काय गेले?

प्रश्न साधा दिसतो खरा. पण अमेरिकेत याच प्रश्नाने गेल्या शतकाआधीच्या शतकात मोठा वाद माजवला होता, आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

तिथे दोन मोठ्या शहरांमध्ये अनेक कंपन्यांच्या गाड्या धावत. गिऱ्हाईक ओढण्यासाठी लांबचे भाडे त्या उतरवीत. मधल्या लहान गावाला मात्र एकच कंपनी, म्हणून तिथले भाडे चढे. कधी कधी तर लांबच्या शहराचे तिकीट मधल्या गावापेक्षा स्वस्त मिळे! शहाणा उतारू लांबचे तिकीट काढी, मध्येच उतरे, आणि उरलेला तुकडा स्टेशनाबाहेरच्या दलालाला विकी. दलाल तो पुढच्या उतारूला विकी. या दलालांना लोक ‘स्कॅल्पर’ म्हणत, म्हणजे डोक्याची कातडी सोलणारे. नाव भयंकर, पण त्यांच्याकडे गर्दी असे. गंमत म्हणजे काही कंपन्या स्वतःच चोरून या दलालांमार्फत तिकिटे खपवीत. आपसात ठरलेला दर उघडपणे मोडता येत नसे ना!

इलिनॉय राज्याने 1875 साली कायदा करून कंपनीचे अधिकारपत्र नसलेल्यांना तिकिटे विकण्याची बंदी केली. त्याच कायद्यात दुसरी बाजूही होती: न वापरलेल्या तिकिटाचे पैसे कंपनीने परत द्यावेत. मला ही दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. बेत बदललेल्या प्रामाणिक माणसाला दलालाचे दार दाखवायचे नसेल, तर कंपनीचे दार उघडे हवे.

पण परत किती द्यायचे? इथे हिशेब नीट पाहा. शिक्षकांनी तो फळ्यावर मांडावा असा आहे. समजा, एकेरी भाडे 10 रुपये आणि सवलतीचे जाण्यायेण्याचे 16 रुपये. जाणे झाले, येणे राहिले. उतारू म्हणतो, निम्मे म्हणजे 8 रुपये द्या. कंपनी म्हणते, तुम्ही एकेरीच प्रवास केलात, त्याचे 10 झाले, उरले 6. सवलत होती ती दोन्ही फेऱ्या कराल म्हणून. आणि सवलत जबर असून दोन्ही फेऱ्या 10 रुपयांतच दिल्या असतील, तर हाती एक पैसाही येत नाही. रागावण्यासारखे आहे, पण हिशेब चुकीचा नाही.

1887 च्या केंद्रीय कायद्याने, एकाच मार्गावर सारख्या परिस्थितीत जवळच्या प्रवासाला लांबच्यापेक्षा जास्त भाडे घेण्यास मनाई केली. मात्र सहलीच्या सवलतींना मुभा ठेवली, त्यामुळे परतीच्या तुकड्यांचा व्यापार थांबला नाही. कंपन्यांनी तिकिटावर सही घेतली. बांधा, केस, डोळे, दाढी अशा खुणांवर भोके पाडली. न्यूयॉर्क राज्याचा बंदीचा कायदा तर 1898 साली तिथल्याच न्यायालयाने रद्द ठरवला. अखेर न्यू ऑर्लिन्सच्या दलालांविरुद्ध एका रेल्वे कंपनीने लढवलेल्या दाव्यात 1907 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: सवलतीच्या तिकिटावर ‘दुसऱ्यास देता येणार नाही’ अशी अट असेल तर ती बंधनकारक आहे, आणि अशा तिकिटांचा व्यापार दलालांना करता येणार नाही. तिकीट ही बाजारात फिरवायची वस्तू नव्हे, एका माणसाशी केलेला करार आहे, असा त्याचा अर्थ.

आपल्याकडे हा प्रश्न कायद्याने त्याआधीच मिटवला होता. 1890 च्या भारतीय रेल्वे कायद्याच्या 114 व्या कलमात परतीच्या तिकिटाचा अर्धा भाग दुसऱ्याच्या प्रवासासाठी विकणाऱ्याला, तसाच विकत घेणाऱ्यालाही, 50 रुपयांपर्यंत दंड होता. पुढे 1989 च्या कायद्यात 142 वे कलम आले आणि त्यात कैदेचीही तरतूद झाली. जुन्या कलमात घेणाऱ्याची आणखी एक फजिती लिहून ठेवली होती: त्या तुकड्यावर तो गाडीत बसलाच, तर दंडावर पुन्हा एकेरी भाड्याइतक्या रकमेपर्यंत दंड वेगळा.