ॲरिझोनातील नकाशा-शिळा : खऱ्या की बनावट?

वाचकहो, पुरलेल्या धनाची एखादी गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेली असते. कुठे पडक्या गढीच्या भिंतीत हंडा असतो, कुठे वडाखालच्या कोरीव दगडात ‘खूण’ असते. हे वेड फक्त आपल्याच मुलखाचे आहे असे मात्र समजू नका. अमेरिकेच्या नैर्ऋत्येस ॲरिझोना नावाचे रखरखीत राज्य आहे. तिथे काही कोरीव शिळांनी सत्तर वर्षांहून अधिक काळ असेच वेड लावले आहे. त्यांना ‘पेराल्टा शिळा’ म्हणतात. सोन्याच्या खाणीचा नकाशा त्यांच्यावर कोरला आहे असे कित्येकांचे म्हणणे, आणि कुणीतरी अलीकडे बसून केलेली ही कारागिरी आहे असे इतरांचे म्हणणे. या वादात दोन प्रश्न आहेत. शिळा खऱ्या की खोट्या हा पहिला, आणि त्या नेमक्या सापडल्या कुठे हा दुसरा. वरवर पाहता पहिला प्रश्न मोठा वाटतो. पण इतिहासाच्या अभ्यासकाला दुसरा अधिक मोलाचा असतो. तो का, ते आज पाहू.

आधी जागा डोळ्यांपुढे आणा. फिनिक्स शहराच्या पूर्वेस सुपरस्टिशन नावाचा डोंगर आहे. या नावाचा अर्थच मुळी ‘अंधश्रद्धा’. उभे कडे, निवडुंग, उन्हाळ्यात अंग भाजून काढणारी उष्णता आणि पाण्याचे दुर्भिक्ष. हा अपाची लोकांचा मुलूख. याच डोंगरात जेकब वॉल्ट्झ नावाच्या जर्मन माणसाची गुप्त सोन्याची खाण होती अशी दंतकथा आहे. वॉल्ट्झ फिनिक्सला १८९१ साली वारला. आणि तो मेल्यावर त्याची खाण जी मोठी होऊ लागली ती आजतागायत होतेच आहे! या खाणीचे मूळ मालक मेक्सिकोतील पेराल्टा घराण्याचे लोक होते, अपाचींनी त्यांना १८४८ च्या सुमारास कापून काढले, असे कथेला शेपूट जोडले गेले.

आता शिळांकडे येऊ. नेहमी सांगितली जाणारी हकीकत अशी. १९४९ साली ट्रॅव्हिस टम्लिन्सन नावाचा गृहस्थ मोटारीने प्रवास करीत होता. फ्लोरेन्स जंक्शन या फाट्याजवळ तो पाय मोकळे करायला उतरला. जमिनीतून एका दगडाचा कोपरा वर आलेला दिसला, उकरून काढला, तर त्यावर कोरीव काम! पुढे तिथेच आणखी शिळा मिळाल्या. टम्लिन्सनने त्या घेऊन बरीच वर्षे डोंगर धुंडाळले, हाती काही लागले नाही, आणि १९६१ साली तो वारला. १९६४ च्या जून महिन्यात ‘लाइफ’ या प्रसिद्ध अमेरिकन साप्ताहिकात शिळांची छायाचित्रे आली आणि मग काय विचारता, घरोघरी शोधक निर्माण झाले. पुढे त्या शिळा खनिजांच्या अभ्यासाला वाहिलेल्या एका संस्थेकडे आल्या आणि लोकांना पाहण्यासाठी संग्रहालयांत मांडल्या गेल्या.

या शिळांवर आहे तरी काय? एका शिळेवर घोडा कोरला आहे. तिच्याच मागच्या बाजूस झगा घातलेली, हातात क्रूस धरलेली आकृती आहे. कुणी तिला पाद्री म्हणतात, कुणी चेटकीण. आणखी दोन शिळा एकमेकींना जोडून ठेवल्या की एक वेडीवाकडी वाट पुरी होते, आणि त्यांच्या खाचेत हृदयाच्या आकाराचा एक वेगळा दगड नेमका बसतो. १८४७ हा आकडाही कोरलेला आहे. शिवाय स्पॅनिश भाषेतील काही वाक्ये आहेत. त्यांचा अर्थ साधारण असा : मी नदीच्या उत्तरेस चरतो, ही वाट धोक्याची आहे, मी अठरा ठिकाणी जातो, नकाशा शोध, हृदय शोध.

शिळा खोट्या म्हणणाऱ्यांनी पहिले बोट ठेवले ते या वाक्यांच्या शुद्धलेखनावर. ‘कोरासोन’ म्हणजे हृदय. त्या शब्दातला ‘र’च कोरणाऱ्याने गाळला आहे. पायवाटेला स्पॅनिशमध्ये ‘वेरेदा’ म्हणतात. तिथे ‘व’च्या अक्षराऐवजी ‘ब’चे अक्षर आहे. ज्याला स्पॅनिश येत नाही अशा कुणा अमेरिकनाने हे खोदले असणार, असा त्यांचा तर्क. पण इथे घाई करू नये. स्पॅनिश बोलीत ही दोन अक्षरे सारखीच उच्चारली जातात. आपल्याकडे शाळा अर्ध्यावर सोडलेला माणूस ‘विषय’ लिहिताना ‘विशय’ लिहितो, तो काही परभाषी नसतो. उलट कानाने ऐकलेले लिहिणारा तोच खरा त्या भाषेचा! तेव्हा अशुद्ध लेखनाने खाणकामगारही सिद्ध होतो आणि नकली कारागीरही सिद्ध होतो. म्हणजेच काहीच सिद्ध होत नाही.

दुसरा आक्षेप मात्र भारी आहे. झग्यातील आकृती आणि क्रूस पाहून पुष्कळांनी या शिळांचा संबंध जेझुइट पंथाच्या पाद्र्यांशी लावला. पाद्र्यांनी सोने दडवले आणि त्याच्या खुणा शिळांवर कोरल्या, असे ते सांगतात. पण स्पेनचा राजा तिसरा कार्लोस याने १७६७ सालीच जेझुइटांना आपल्या सगळ्या राज्यातून हाकलून दिले होते. १८४७ ला ते तिथे असणार कसे? मध्ये ऐंशी वर्षांचे अंतर पडते. टूसॉन येथील ॲरिझोना राज्य संग्रहालयात काम केलेले चार्ल्स पोल्झर हे स्वतः जेझुइट पाद्री आणि त्या प्रदेशातील मिशनांच्या इतिहासाचे जाणकार. त्यांनी या शिळा बनावट ठरवल्या. मिशनमधील पाद्र्यांसाठी जे नियम होते त्यांचाही त्यांनी अभ्यास केला होता. खाणी चालवण्यास त्या नियमांनी बंदी होती.

बरे, पाद्री सोडा, पेराल्टा धरा. १८४७ साली अमेरिका आणि मेक्सिको यांचे युद्ध ऐन भरात होते. हिला नदीच्या उत्तरेचा हा मुलूख कागदोपत्री मेक्सिकोचा, पण प्रत्यक्षात अपाचींच्या ताब्यातला. मेक्सिकन वस्ती नदीच्या पलीकडे दक्षिणेस. अशा जागी वर्षानुवर्षे मोठी खाण चालवायची तर माणसे, खेचरे, धान्य, दारूगोळा यांचा कुठेतरी हिशेब राहायला हवा. भूगर्भशास्त्रही फारसे अनुकूल नाही. हा डोंगर सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींच्या राखेचा आणि लाव्ह्याचा बनलेला आहे. पायथ्याशी पश्चिमेस गोल्डफील्ड येथे १८९२ साली सोने सापडले, हे खरे. पण डोंगराच्या पोटात मोठी खाण आजवर कुणाला मिळालेली नाही.

‘पेराल्टा’ या नावाचीही एक गंमत आहे. याच ॲरिझोनात जेम्स ॲडिसन रीव्हिस नावाच्या एका महाभागाने १८८३ साली एक दावा गुदरला. स्पेनच्या राजाने पेराल्टा नावाच्या सरदाराला जहागीर दिली होती आणि तिचा वारसा आता आपल्याकडे आहे, असा तो दावा. फिनिक्सपासून न्यू मेक्सिकोतील सिल्व्हर सिटीपर्यंतची जमीन त्याने मागितली. लोक घाबरून त्याला पैसे देऊ लागले. मग सरकारी भूमापन अधिकारी रॉयल जॉन्सन याने कागद तपासले. जुन्या काळचे म्हणवणारे लेख पिसाच्या लेखणीऐवजी पोलादी टाकाने लिहिलेले निघाले, भाषेतही चुका निघाल्या. १८९५ साली न्यायालयाने दावा फेटाळला आणि रीव्हिस तुरुंगात गेला. तो सरदारही खोटा, ते घराणेही खोटे! या खटल्यामुळे नकाशा-शिळा आपोआप खोट्या ठरत नाहीत. पेराल्टा आडनावाची खरी माणसेही पुष्कळ होती. पण त्या मुलखात या नावाभोवती खोट्याचा बाजार शिळांच्या आधी साठ वर्षे भरला होता, हे ध्यानात ठेवायला हवे.

आता लक्ष द्या. रीव्हिसचे कागद पकडता आले, कारण कागद, शाई आणि लेखणी यांना काळ असतो. शिवाय कोणता कागद कोणत्या दप्तरातून आला हे विचारता येते. दगडाचे तसे नाही. दगड स्वतः कोट्यवधी वर्षांचा असू शकतो. त्यावर छिन्नी कधी चालली हे दगडाचे वय सांगत नाही. मग छिन्नीचा काळ ठरवायचा कसा? तर शिळा ज्या मातीत होती त्या मातीवरून. ती किती खोल होती, तिच्यावरचे थर मोडलेले होते की अखंड, शेजारी खापर, कोळसा, नाणे, खिळा काही होते काय, यावरून. शिळा जागेवर असताना हे सगळे साक्षीदार हजर असतात. ती उपटून मोटारीत टाकली की साक्षीदार कायमचे मुके होतात.

आणि पेराल्टा शिळांच्या बाबतीत नेमके हेच झाले. फ्लोरेन्स जंक्शन म्हणजे काही एक बिंदू नव्हे. तो आसपासचा विस्तीर्ण प्रदेश आहे. कुणी क्वीन क्रीक या ओढ्याकाठची जागा दाखवतो, कुणी हमरस्त्याजवळची टेकडी दाखवतो. सापडल्याचे साल १९४९ च्या पुढचे आहे असे म्हणणारेही आहेत. सगळ्या शिळा एकाच वेळी, एकाच खड्ड्यातून निघाल्या काय, यावरही एकमत नाही. शोधाच्या वेळचे, जागेवर घेतलेले, त्रयस्थाने तपासलेले टिपण पुढे आलेले नाही. शिळा खऱ्या मानणारे म्हणतात, ज्याने त्या खोट्या कोरल्या त्याचे नाव सांगा. प्रश्न वकिली आहे, पण इतिहासात चालत नाही. जो म्हणतो ‘ही वस्तू जुनी आहे’, पुरावा त्याने द्यायचा. टम्लिन्सनने लबाडी केली असे म्हणण्याचे कारण नाही; इतरांनी पुरलेल्या शिळांना तोही फसला असेल. पण वस्तूची जागाच हरवली की प्रामाणिक माणूस आणि लबाड माणूस यांत भेद करता येत नाही. नकाशाचेही तेच. शिळेवर नदी आहे, पण नदीचे नाव नाही. म्हणून ती वाट ज्याला जिथे बसवायची त्याने तिथे बसवली. एक म्हणतो ही दरी, दुसरा म्हणतो दुसरा डोंगरच.

हे नुसते विद्वानांचे भांडण असते तर सोडून दिले असते. पण नकाशाच्या मागे लागून माणसे मेली आहेत. १९३१ च्या उन्हाळ्यात ॲडॉल्फ रूथ नावाचा वयस्क, पायाने अधू गृहस्थ पेराल्टांचा म्हणवला जाणारा कागदी नकाशा घेऊन या डोंगरात शिरला. डिसेंबरात त्याची कवटी सापडली. २०१० च्या जुलै महिन्यात युटा राज्यातून तीन शोधक आले. त्यांचे अवशेष पुढच्या जानेवारीत हाती आले. जुलैतल्या तिथल्या उन्हात पाण्याविना माणूस किती टिकणार? १९८४ पासून त्या राखीव रानात नवे खाणदावे लावणे बंद आहे, तरी दंतकथा काही बंद होत नाही.

शिक्षकबंधूंनो आणि गावकरी मित्रांनो, यातून आपण काय घ्यायचे? आपल्या शिवारातही कोरीव दगड पुष्कळ आहेत : वीरगळ, सतीशिळा, चंद्रसूर्य आणि गाढवाची आकृती असलेले गधेगळ. ‘चंद्रसूर्य म्हणजे धनाची खूण’ असे सांगणारा कुणीतरी भेटतोच. प्रत्यक्षात गधेगळ हा दानलेख असतो; दान चालू राहावे चंद्रसूर्य असेतो, आणि मोडील त्याला शाप, एवढाच त्या चित्रांचा अर्थ. अलिबागजवळच्या आक्षी गावची अशी एक शिळा पाहा. तिच्यावरचे साल शके ९३४, म्हणजे सन १०१२, असे वाचले गेले आहे, आणि मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांत तिची गणना होते. सालाच्या वाचनावर विद्वानांत वाद झाला. पण ती कोणत्या गावची यावर नाही. लेखात शिलाहार राजा केसिदेवाचे नाव आहे आणि शिलाहारांचे राज्य कोकणात होते हे इतर लेखांवरूनही ठाऊक आहे. जागा, भाषा आणि राजा तिन्ही एकमेकांना साक्ष देतात. तिथे सोन्याचा हंडा नव्हता. पण आपल्या भाषेचे हजार वर्षांपूर्वीचे रूप होते. कुणी धनाच्या लोभाने ती फोडली असती तर?

म्हणून नांगराच्या फाळाला कोरीव दगड लागला तर तो उपटू नका, शेंदूर फासू नका, घासूनही काढू नका. गट क्रमांक, जवळची विहीर किंवा झाड, खोली आणि तारीख वहीत लिहून ठेवा. छायाचित्र घ्या, त्यात माप कळावे म्हणून शेजारी पट्टी ठेवा. मग तलाठी, शाळा किंवा पुरातत्त्व खाते यांना कळवा. मौल्यवान वस्तूच निघाली, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी द्यावी लागते. आणि गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणाऱ्यांना महाराष्ट्राच्या २०१३ च्या कायद्याने शिक्षा आहे, हेही गावात सर्वांना माहीत असू द्या.

ॲरिझोनातल्या त्या शिळा उकरल्या त्या दिवशी कुणी अर्धा तास थांबून एका वहीत चार ओळी लिहिल्या असत्या, तर सत्तर वर्षांचा वाद कदाचित एका आठवड्यात मिटला असता. त्या चार ओळी आपल्या गावापुरत्या लिहिणे हे कोणत्याही शाळेच्या मुलांना जमण्यासारखे काम आहे. येत्या सुट्टीत गावातल्या कोरीव दगडांची यादी करा. सुरुवात पारावरच्या दगडापासून केलीत तरी चालेल.