इंग्रजी शब्दाखालची देवनागरी ओळ

खासबाग, शहापूर, वडगाव हा आपला विणकरांचा पट्टा. १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत शहापूर सांगलीकरांचं, तर बेळगाव शहर मुंबई प्रांतातलं. १ नोव्हेंबर १९५६ ला सगळंच म्हैसूर राज्यात गेलं. त्यामुळे इथल्या मराठी शाळेतल्या पोराच्या वाट्याला देवनागरी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन लिप्या आल्या. पहिल्या दोन बऱ्याच अंशी दिसेल तशा वाचायच्या. तिसरीचा कारभार निराळा: ‘कट’ आणि ‘पुट’ या शब्दांत मधलं अक्षर एकच, उच्चार मात्र दोन!

ही अडचण खुद्द इंग्रजांच्या मुलांनाही होती. आयझॅक पिटमन यांनी १८३७ मध्ये उच्चारावर आधारलेली लघुलिपी काढली. टायपिंगच्या क्लासात शिकवतात ते पिटमन शॉर्टहँड हेच. त्यांचे नातू सर जेम्स पिटमन यांनी बालवाचकांसाठी चाळीसहून अधिक चिन्हांची वर्णमाला केली. १९६१ पासून ब्रिटनमधल्या शाळांत तिचा प्रयोग झाला. सुरुवातीचं वाचन त्यात सोपं जाई. पण सातव्या वर्षाच्या सुमारास नेहमीच्या स्पेलिंगकडे वळताना बरीच मुलं अडखळत. हळूहळू शाळांनी ती सोडली.

आपल्याकडे नवी वर्णमाला कुणी काढली नाही. इंग्रजी शब्दाखाली पेन्सिलीने देवनागरी उच्चार लिहिला की काम भागलं. ‘कॅट’, ‘डॉल’ यांसाठी मराठीने ॲ, ऑ रुळवले होतेच. २००९ च्या शासननिर्णयाने महाराष्ट्रात ते वर्णमालेतही आले. कन्नडमध्ये अशी वेगळी चिन्हं रूढ नाहीत. म्हणून आपल्या बाजारात एकाच शब्दाच्या दोन पाट्या दिसतात: मराठीत ‘बँक’, कन्नडमध्ये ‘ब्यांक्’.

या ओळीच्या मर्यादाही आहेत. स्पेलिंग पाठ करायचं ते करावंच लागतं. पण आई-वडील मागावर बसलेले, घरात इंग्रजी वाचणारं कुणी नाही, अशा पोराला संध्याकाळी धडा वाचून दाखवणारी तीच होती.

तेव्हा माळ्यावरची जुनी इंग्रजी वाचनमाला रद्दीत घालण्याआधी एकदा उघडून बघा. छापील ओळ सगळीकडे सारखीच असते. तिच्याखालची पेन्सिलीची ओळ मात्र आपल्या गल्लीत इंग्रजी कसं ऐकू येत होतं ते सांगते.