पेनॉब्स्कॉटची शिडे

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ईशान्येच्या टोकाला मेन हे संस्थान आहे. तेथला पेनॉब्स्कॉट उपसागर बेटांनी भरलेला आहे. ग्रॅनाइटचे खडक, त्यांवर स्प्रूसची काळपट झाडी आणि बेटाबेटांमधून निवाऱ्याच्या अरुंद सामुद्रधुन्या. बाहेर अटलांटिक खवळला तरी आत पाणी पुष्कळसे शांत राहते. जुन्या शिडाच्या स्कूनरींत बसून येथे काही दिवस हिंडणे, हा तेथला नामांकित विहार आहे. त्याचा इतिहास मात्र विहाराचा नाही, श्रमाचा आहे.

बेटांना पूल नव्हते तेव्हा स्कूनर हीच तेथली मालगाडी होती. लाकूड, विटा, मासे, दगड, सारे तिच्यातून जाई. रॉकलंड बंदरातून भाजलेला चुना न्यूयॉर्कला जाई. त्याला पाणी लागले की तो तापून जहाज पेट घेई, आणि ती आग पाण्याने विझवायची सोय नाही! खलाशी चुन्याच्याच गाऱ्याने फटी लिंपून हवा कोंडीत आणि वाट पाहत बसत.

व्हायनलहेवन बेटाचा ग्रॅनाइट ब्रुकलिनच्या पुलाला लागला. न्यूयॉर्कच्या सेंट जॉन कॅथेड्रलचे ५० फुटांहून उंच खांब तेथेच प्रचंड लेथवर घडले. अखंड खांब फुटू लागले, तेव्हा ते दोन-दोन तुकड्यांत करावे लागले. हा दगड घडवणाऱ्यांच्या फुप्फुसांत धूळ बसे. १८७७ साली याच रॉकलंडमध्ये ग्रॅनाइट घडवणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. या उपसागराशी आमची पहिली ओळख झाली ती त्या तारखेमुळे. तेथले सौंदर्य आम्हांला मागाहून कळले.

पुढे काँक्रीट आले, मोटार-ट्रक आले. खाणी ओस पडल्या, स्कूनरी चिखलात रुतून कुजू लागल्या. १९३६ साली, मंदीच्या दिवसांत, फ्रँक स्विफ्ट नावाच्या गृहस्थाने कॅम्डेन बंदरात एक स्कूनर भाड्याने घेऊन प्रवासी नेण्यास आरंभ केला. पहिल्या सफरीला बॉस्टनच्या अवघ्या तीन स्त्रिया होत्या. पण धंदा तगला. मालाच्या कोठारात निजण्याच्या खोल्या झाल्या. वारा नेईल तिकडे जायचे, रात्री बेटाच्या आडोशाला नांगर टाकायचा. वारा पडला तर मागून लहान होडीने ढकलायचे, कारण कित्येक स्कूनरींत आजही इंजिन नाही. १८७१ साली बांधलेल्या 'स्टीफन टेबर' आणि 'लुईस आर. फ्रेंच' यांना पुढे राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा मान मिळाला.

प्रवासी हौसेने दोर ओढून शीड चढवतात. तोच दोर एके काळी कोणी पोटासाठी ओढला होता. आम्ही या हौसेला नावे ठेवीत नाही. कामगाराला विश्रांती हवी, यासाठीच तर आमची हयात गेली. शिवाय त्या हौसेच्या पैशानेच ही गलबते वाचली. सरकारी मान मिळाला तो नंतर.

पण जहाज वाचले म्हणजे इतिहास वाचला असे नव्हे. जहाजाला डागडुजी करून पुन्हा उभे करता येते. धुळीने गेलेला पाथरवट परत येत नाही. त्या रम्य बेटांवर पाण्याने भरलेल्या खाणींत आज माणसे पोहतात. त्या खाणी कोणी खणल्या, एवढे तरी पोहणाऱ्याला ठाऊक असावे.