नदीपार गेलेले देव : गोव्यातील धर्मसत्ता आणि गावांचा प्रतिकार

गोव्याच्या फोंडा तालुक्यात, म्हणजे जुन्या अंत्रुज महालात, थोड्याशा टापूत मोठमोठी देवळे दाटीने उभी आहेत. मंगेशीला मंगेश, म्हार्दोळला म्हाळसा, कवळ्याला शांतादुर्गा, बांदिवड्याला रामनाथ, शिरोड्याला कामाक्षी. यांतले एकही दैवत मूळचे इथले नाही. मंगेश कुठ्ठाळीचा, म्हाळसा वेर्ण्याची, शांतादुर्गा केळशीची, रामनाथ लोटलीचा, कामाक्षी रायची. ही पाचही गावे तेव्हाच्या सासष्टीत, जुवारी नदीच्या दक्षिणेला होती. सोळाव्या शतकात भाविकांनी हे देव उचलून नदीपार आणले आणि तेव्हापासून ते तिथेच आहेत.

या स्थलांतराचे मोल कळायला गोव्यातले गाव कसे चालत असे ते पाहावे लागते. गावाची जमीन सामाईक असे आणि मूळ वसाहतकारांच्या घराण्यांकडे, म्हणजे गावकरांच्या वांगडांकडे, तिचा कारभार असे. या व्यवस्थेला गावकरी म्हणत. शेते लिलावाने कसायला दिली जात. उत्पन्नातून सरकारचा धारा, खाजण जमिनीच्या, म्हणजे खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतांच्या, बांधांची डागडुजी, देवळाची पूजाअर्चा, वाजंत्री आणि उत्सव यांचा खर्च भागे. उरलेले वाटून घेत. देवाच्या नावाने वेगळ्या जमिनी असत आणि त्यांवर पुजारी, देवळी, वाजंत्री यांची पोटे चालत. अडलेल्या प्रश्नावर देवीचा कौल घेतला जाई. मूर्तीला ओल्या पाकळ्या लावायच्या, गाऱ्हाणे घालायचे आणि उजवी पाकळी आधी पडते की डावी याची वाट पाहायची. पुष्कळ गावांत देवीची मूर्तीही नसे. वारूळ हीच सांतेर, म्हणजे भूमीचे जिवंत रूप. देऊळ पाडले की गावाची श्रद्धा, अर्थकारण आणि निर्णयाची जागा ही तिन्ही एकदम कोसळत.

२५ नोव्हेंबर १५१० रोजी आफोंसो द आल्बुकेर्कने आदिलशाहीकडून गोवा शहर कायमचे जिंकले. सुरुवातीचा पोर्तुगीज अंमल तिसवाडीच्या बेटांपुरता होता. आल्बुकेर्कने सतीची चाल बंद केली, पण देवळांना हात लावला नाही. १५२६ च्या सनदेत तर गावकरीचे जुने हक्क लिहून मान्य केले गेले. तीसेक वर्षांत हे धोरण पालटले. १५४० च्या सुमारास तिसवाडीतली देवळे पाडली गेली आणि १५४१ मध्ये त्यांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती धर्मप्रसाराच्या कामाकडे वळवण्यात आले. १५४३ मध्ये बारदेश आणि सासष्टी पोर्तुगालच्या ताब्यात आले. १५४६ मध्ये राजा तिसरा जुआंव याने मूर्तिपूजा मोडून काढण्याचे फर्मान धाडले. १५५९ च्या कायद्याने अनाथ हिंदू मुले नातेवाइकांकडून काढून जेझुइट पंथाच्या पाद्र्यांच्या हवाली करण्याची सोय झाली. १५६० मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणारे न्यायासन, गोव्यात बसले. १५६७ मध्ये राशोलचा किल्लेदार दियोगु रोद्रिगिश याच्या मोहिमेत एकट्या सासष्टीत २८० देवळे पाडल्याची नोंद आहे.

या काळात गावांपुढे तीन वाटा होत्या : धर्म बदलून जमिनीवर राहायचे, जमीन सोडून धर्म राखायचा किंवा विरोध करून परिणाम भोगायचे. एकाच घरातले भाऊ या वेगवेगळ्या वाटांनी गेले.

जमीन सोडणाऱ्यांनी देव बरोबर नेले. मंगेशाचे लिंग १५६० मध्ये कुठ्ठाळीहून प्रियोळला आले, ती जागा आता मंगेशी म्हणून ओळखली जाते. फोंड्यावर तेव्हा विजापूरच्या आदिलशहाचा अंमल होता, त्यामुळे हिंदू दैवतांना आश्रय मिळाला तो मुसलमान सुलतानाच्या मुलखात. मडगावचा दामोदर जांबावलीला गेला. दिवाडी बेटावरचा सप्तकोटेश्वर, गोव्याच्या कदंब राजांचे कुलदैवत, डिचोलीजवळ नार्व्याला पोचला. त्याचे लिंग फोडलेल्या देवळातून काढून विहिरीवर पाणी ओढण्याच्या कामाला लावले होते आणि तिथून ते गुपचूप हलवले गेले, अशी परंपरा आहे. १६६८ च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांनी नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार सुरू करवला. त्याचा शिलालेख दारावर आहे. पुढे मराठी सत्तेशी हे नाते घट्ट झाले. कवळ्याचे देऊळ शाहू महाराजांचे मंत्री नारोराम यांच्या पुढाकाराने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात उभे राहिले आणि १७३९ मध्ये पेशव्यांनी मंगेशी गाव मंगेशाला इनाम दिले.

देव हलवणे भाविकाला सोपे नव्हते. ग्रामदैवत त्या मातीचे मानलेले. सीमेबाहेर नेलेला देव कोणाचा रखवालदार, हा प्रश्न उरतोच. गोव्याने त्याचे उत्तर नावातून दिले. देव नव्या गावी बसला तरी जुन्या गावाचे नाव त्याला चिकटून राहिले आणि महाजनांची, म्हणजे देवळाच्या मानकरी कुटुंबांची, आणि कुळाव्यांची, म्हणजे त्या देवाला कुलदैवत मानणाऱ्यांची, यादी मूळ गावांवरूनच ठरत राहिली. कर्नाटक, केरळ किंवा मुंबईत जाऊन स्थिरावलेले कुटुंबही कुलदैवताला जायचे म्हणजे अंत्रुजेलाच येते.

विरोधाची वाट धरली ती दक्षिण सासष्टीतल्या कुंकळ्ळी, वेरोडे, असोळणे, वेळ्ळी आणि आंबेली या पाच गावांनी. इथले गावकर धारा देईनासे झाले होते आणि पाडलेली देवळे पुन्हा उभारत होते. लष्करी मोहिमा येत, गावे जाळत, देवळे पाडत आणि सैन्य परतले की गावकर पुन्हा कामाला लागत. १५ जुलै १५८३ रोजी पाच जेझुइट काही ख्रिस्ती सोबत्यांसह कुंकळ्ळीत चर्चसाठी जागा पाहायला आले. त्यांचा प्रमुख रोदोल्फो आक्वाविवा नुकताच अकबराच्या फतेपूर सीक्रीच्या दरबारातून परतला होता. तिथे त्याने मुल्ला-मौलवींशी धर्मचर्चा केली होती. पिएत्रो बेर्नो हा दुसरा पाद्री आधीच्या देवळे पाडण्याच्या मोहिमांत होता. गावकर जमले आणि त्यांनी पाचही जणांना व त्यांच्या सोबत्यांना ठार केले.

पुढचा भाग स्थानिक स्मृतीत अधिक खोल रुतला आहे. बोलणी करू असे सांगून १६ प्रमुख गावकरांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले गेले. ते आले आणि तिथेच त्यांना मारण्यात आले. त्यांतला एकजण तेवढा नदीत उडी टाकून निसटल्याचे सांगतात. पाचही गावांच्या जमिनी जप्त झाल्या. काही जेझुइटांकडे गेल्या, काही पोर्तुगीज सरदाराला मिळाल्या आणि गावकर आपल्याच शेतात कुळे झाले. इतिहासाने या घटनेची दोन स्मारके जपली आहेत. चर्चने १८९३ मध्ये पाच जेझुइटांना ‘धन्य’ घोषित केले. कुंकळ्ळीत अलीकडच्या काळात मारल्या गेलेल्या गावकरांचे स्मारक उभे राहिले. दोन्ही बाजूंच्या मृतांना आपापल्या लोकांनी हुतात्मेच म्हटले.

कुंकळ्ळीची शांतादुर्गा जवळच्या फातर्प्याला गेली आणि तिथे ती आजही कुंकळ्ळीकारीण म्हणून ओळखली जाते. शांतादुर्गेच्या कथेत शिव आणि विष्णू यांच्यातले भांडण देवी मधे पडून मिटवते. कवळ्याच्या मूर्तीच्या दोन हातांत दोन साप आहेत, ते त्या दोघांचे प्रतीक मानतात.

धर्म बदलून गावात राहिलेल्यांची गोष्ट वेगळी, पण तीही निमूट शरण जाण्याची नाही. इन्क्विझिशनचा मुख्य रोख होता तो त्यांच्यावर, कारण बाप्तिस्मा घेतलेला माणूस जुन्या रीतीकडे वळला तर तो पाखंडी ठरे. १५६१ ते १७७४ या काळात सुमारे १६,००० खटले चालले. आरोप कोणी केला हे कैद्याला सांगत नसत. न्यायासनाच्या इमारतीला लोक नुसतेच ‘थोरले घर’ म्हणत. तिथे कैद भोगलेला फ्रेंच वैद्य शार्ल देलाँ याने १६८७ मध्ये त्याचे वर्णन छापले आणि ते युरोपभर वाचले गेले.

दडपशाहीचा कस तिच्याच हुकूमनाम्यांत दिसतो. १६८४ च्या फर्मानाने रयतेला तीन वर्षांत स्वतःची भाषा सोडून पोर्तुगीज बोलायला फर्मावले. १७३६ च्या इन्क्विझिशनच्या आज्ञेने ख्रिस्ती घरांत तुळस लावणे, लग्नात हळद लावणे, ओव्या-गाणी म्हणणे, विडे वाटणे, धोतर आणि चोळी नेसणे-घालणे, इतकेच काय, मीठ न घालता भात शिजवणेही निषिद्ध ठरवले. पहिल्या बाप्तिस्म्यांना तेव्हा दोन शतके होत आली होती. ज्या गोष्टी संपल्या त्यांवर कोणी बंदी घालत नाही. ही यादी म्हणजे काय काय टिकून होते याची सरकारी नोंदच. हळदीच्या जागी नारळाच्या दुधाचा ‘रोस’ लावून नवरा-नवरीला न्हाऊ घालण्याची रीत गोव्याच्या ख्रिस्ती लग्नांत आजही आहे. जुन्या रीतींचे हे बळ पाद्र्यांनाही त्याआधीच ओळखावे लागले होते. सासष्टीत आयुष्य घालवलेल्या इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्सने ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत रचली. जुनी पुराणे हिरावलेल्या नव्या ख्रिस्ती लोकांसाठी लिहिलेले हे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले.

अठराव्या शतकात पोर्तुगीज राज्य पसरले तेव्हा धोरण बदलले होते. १७६३ मध्ये फोंडा त्यांच्या हाती आला, पण नव्या मुलखात देवळे व धर्माचार न छेडण्याचे वचन देण्यात आले आणि अंत्रुजेतले देव दुसऱ्यांदा हलले नाहीत. इन्क्विझिशन १७७४ मध्ये बंद झाले, १७७८ मध्ये पुन्हा सुरू झाले आणि १८१२ मध्ये कायमचे संपले. १९१० मध्ये पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आल्यावर गोव्यातल्या हिंदूंना कायद्यापुढे बरोबरी मिळाली.

मूळ गावी परतायला मात्र देवांनी कायद्याची वाट पाहिली नाही. दरवर्षी फाल्गुन शुद्ध पंचमीला फातर्प्याच्या देवीची पालखी सोंत्र्यो उत्सवात कुंकळ्ळीला येते. पुढे रंगीत छत्र्या नाचतात, एकेका वांगडाची एक अशा बारा. गुलाल उधळतो. त्या वांगडांतली काही घराणी चार शतकांपूर्वी ख्रिस्ती झाली. त्यांचे वंशजही वाटेवर देवीला सामोरे जातात. उत्सव आटोपला की पालखी फातर्प्याला परतते.