बेंजोचा सूर आणि एक लहानशी पेटी

नांद्यासारख्या मुळशी तालुक्यांतील गांवीं गणपतीच्या मिरवणुकींत जो बेंजो वाजतो, तो अमेरिकन बँजो नव्हे. १९१२ सालीं जपानांतील नागोया येथें गोरो मोरिता ह्यांनीं बनविलेल्या ताइशोगोतोचा तो वंशज. टंकयंत्रासारख्या कळा आणि खालीं पोलादी तारा! त्यांचा नाद मुळांत इतका क्षीण, कीं ताशापुढें तो टिकावा कसा? म्हणून त्यास पिकअप जोडला गेला. आणि तेथूनच दुसरी अडचण उभी राहिली. लांब तारेंतून जातांना सुराचें तेज झिजतें, आणि भोंवतालच्या विजेची घरघर मात्र आंत शिरते.

उपाय सांपडला तो टेलिफोनच्या विद्येंत. पिळलेल्या जोडतारेची कल्पना बेल ह्यांची, १८८१ सालची. दोन्ही तारांत सारखीच शिरलेली घरघर शेवटीं वजा होते, सूर तेवढा उरतो. डीआय बॉक्स नांवाच्या पेटींतील ट्रान्सफॉर्मर वाद्याचा सूर अशाच जोडतारेवर चढवितो. १९६० नंतरच्या दशकांत डेट्रॉइटच्या मोटाउन ध्वनिमुद्रणगृहांत जेम्स जेमर्सन ह्यांच्या बास गिटारचा नाद ह्याच रीतीनें थेट मुद्रित होई.

पेटीवर एक खटकाही असतो, आणि खरें मोल त्याचें आहे. घरघर थांबावी म्हणून कांहीं मंडळी प्लगाची अर्थिंगची पिनच काढून टाकतात. हा शुद्ध अविचार होय. ३ मे १९७२ रोजीं स्वान्सी येथें लेस हार्वे हा गिटारवादक अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनास स्पर्श होतांच विजेच्या धक्क्यानें मरण पावला. खटका केवळ सुराच्या तारेवरील आवरणाचा जोड तोडतो. विजेची अर्थिंग जागच्या जागीं राहते.