वारली उठाव व कूळकायदा

तत्कालीन ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव, डहाणू व लगतच्या तालुक्यांतील वारली आदिवासींनी जमीनदार, सावकार व जंगल-ठेकेदार यांच्याविरुद्ध १९४५–४७ मध्ये दिलेला लढा आणि पुढील भूसुधारणांचा त्यांच्यावर झालेला परिणाम. हा प्रदेश आता मुख्यतः पालघर जिल्ह्यात (स्थापना २०१४) मोडतो.

ब्रिटिश अमदानीत रोख शेतसारा व कर्ज यांमुळे वारल्यांच्या बहुतेक जमिनी सावकारांकडे गेल्या आणि मूळ मालक त्याच जमिनींवर खंडाने राबणारी कुळे बनले. पावसाळ्यात खावटीचे कर्ज, मालकाच्या शेतावर विनामूल्य वेठ आणि लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी पत्करावी लागणारी लग्नगड्याची गुलामी, असे हे चक्र होते.

जानेवारी १९४५ मध्ये कल्याणजवळ टिटवाळा येथे किसान सभेचे प्रांतिक अधिवेशन भरले; त्यास काही वारलीही उपस्थित होते. शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली २३ मे १९४५ रोजी झरी येथे झालेल्या परिषदेत वेठ व लग्नगडी पद्धत नाकारण्याचा निर्धार झाला. त्यानंतर गवतकापणीच्या मजुरीसाठी संप झाला. पाचशे पौंड गवतास अडीच रुपये ही मागणी होती. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात पाच वारली मरण पावले. परुळेकर दांपत्यास जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आले; तथापि वेठबिगार मोडली.

जमिनीचा प्रश्न मात्र शिल्लक राहिला. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ याने कुळास संरक्षण दिले आणि १९५६ च्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ या ‘कृषकदिनी’ कसणारे कूळ जमिनीचे खरेदीदार मानले गेले. हा हक्क नोंदीवर अवलंबून होता. वारल्यांची कुळवहिवाट बहुधा तोंडी. खंडाची पावती नसे व सातबाऱ्यावर नाव नसे. कित्येकांकडून जमीन सोडल्याचे राजीनामे घेण्यात आले. ज्यांची नोंद होती त्यांनाही ठरलेली किंमत हप्त्यांनी भरावी लागे. ती थकल्यास खरेदी निष्फळ ठरे. शेतगडी व वनजमीन कसणारे या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिले. आदिवासींच्या हस्तांतरित जमिनी परत करण्यासाठी राज्यास १९७४ मध्ये स्वतंत्र कायदे करावे लागले, तर वनजमिनीवरील हक्कांस केंद्रीय कायद्याने २००६ मध्ये मान्यता मिळाली.

वेठ संघटित नकाराने संपली. मालकी मात्र कागदाच्या पुराव्यावर ठरली. त्यामुळे लढ्यात अग्रभागी असलेल्या अनेक कुटुंबांना भूसुधारणेचा लाभ उशिरा व अपुरा मिळाला.