शिराझचं कूळ आणि लालबागची मिरी

एप्रिल-मेमध्ये लालबागच्या मसाला गल्लीत शिरलं की आधी मिरच्यांचा ठसका लागतो. मग एकेक वास सुटा होतो : धणे, दगडफूल, काळी मिरी. यातला मिरीचा वास नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरीच्या शिराझ वाइनमध्येही सापडतो आणि तो भास नसतो. 2008 मध्ये ऑस्ट्रेलियन वाइन रिसर्च इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी शिराझ द्राक्षात रोटंडोन नावाचं संयुग दाखवून दिलं. काळ्या मिरीचा खास वासही त्याचाच. साधारण पाचांतल्या एका माणसाला मात्र हा वास येतच नाही. त्यामुळे एकाच बाटलीवरून दोन चोखंदळ माणसं भांडली, तर दोघंही खरं बोलत असू शकतात.

या द्राक्षाचं कूळ बराच काळ चुकीचं सांगितलं गेलं. शिराझ हे इराणमधलं शहर. तिथली दारू सतराव्या शतकात समुद्रमार्गे सुरतेच्या इंग्रज वखारीपर्यंत यायची, तेव्हा द्राक्षही तिथलंच असणार असा समज झाला. फ्रान्समध्ये दंतकथा अशी, की धर्मयुद्धावरून परतलेल्या एका सरदाराने ऱ्होन नदीकाठच्या एर्मिताज टेकडीवर ही वेल लावली. 1998 मध्ये कॅलिफोर्नियाच्या कॅरोल मेरेडिथ आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी डीएनए तपासला आणि इराणशी असलेली सोयरीक मोडली. आई निघाली माँद्यूज ब्लाँश हे पांढरं द्राक्ष, बाप द्युरेझा हे काळं. दोन्ही आग्नेय फ्रान्समधली आणि दोन्ही वाइनच्या जगात फारशी कुणाला ठाऊक नसलेली.

पोराने मात्र नाव काढलं. 1830च्या दशकाच्या सुरुवातीला जेम्स बझ्बीने युरोपातून जमवलेल्या काड्या ऑस्ट्रेलियात पोचल्या. फ्रान्समध्ये 'सिरा' म्हणून ओळखली जाणारी ही वेल तिथे शिराझ झाली. 1951 मध्ये तिथल्याच पेनफोल्ड्स वायनरीच्या मॅक्स शुबर्टने 'ग्रेंज' या शिराझ वाइनचा प्रयोग केला आणि पुढे शिराझ अतिमहागड्या बाटल्यांच्या पंगतीत जाऊन बसली.

महाराष्ट्रात नव्या काळातल्या वाइनचा पाया 1980च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावला घातला. मुंबईकर राजीव सामंत यांनी 1997च्या सुमारास नाशिकजवळ वाइनची द्राक्षं लावली. त्यांच्या 'सुला'च्या पहिल्या बाटल्या 2000 मध्ये आल्या, त्या व्हाइट वाइनच्या. 2001 मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि नाशिक परिसरात वायनरी वाढत गेल्या. 'दिंडोरी रिझर्व्ह शिराझ' ही त्याच 'सुला'ची, ओकच्या पिंपात मुरवलेली.

युरोपात वेल हिवाळाभर झोपते. नाशिकच्या हवेत ती झोपत नाही, म्हणून बागायतदार वर्षातून दोनदा कात्री चालवतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरताना फळछाटणी. मग घड थंडीत भरतो आणि जानेवारी ते मार्चमध्ये तोडणीला येतो. सुमारे सहाशे मीटर उंचीवर दिवसा ऊन आणि रात्री गारवा मिळतो. ऊन साखर भरतं, गारवा आंबटपणा टिकवतो. खायच्या द्राक्षाला पातळ साल लागते. शिराझची साल मात्र जाड हवी, कारण रंग आणि तुरटपणा तिथूनच येतात. पिकलेल्या जांभळाने जीभ जशी रंगते आणि आवळते, तसंच काहीसं.

हा तुरटपणा मटणाशी जमतो, कारण मांसातली प्रथिनं त्याला धरून ठेवतात आणि घोट मऊ लागतो. परळ-लालबागच्या मालवणी खानावळीतलं सुकं मटण, भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण, त्यात मिरी, म्हणजे वाइनमधला वास ताटातही आहेच. अडचण तिखटाची. अल्कोहोलने मिरचीची आग वाढते, म्हणून मिरचीचा हात आखडता आणि गरम मसाल्याचा सढळ ठेवलेला बरा. गिरगाव-दादरच्या मासेखाऊंनी मात्र बोंबील-बांगड्यासोबत ही बाटली उघडू नये. रेड वाइनमधल्या लोहाने माशाचा उग्र वास वाढतो, असं जपानी संशोधकांनी 2009 मध्ये दाखवलं. तिथे सोलकढीच हवी.

'रूम टेंपरेचर'ला प्या, हा सल्ला युरोपातल्या गार घरांचा आहे. मुंबईत मे महिन्यात खोलीत तीस अंशांवर पारा असताना शिराझमधला मिरीचा वास दबतो आणि नुसतं अल्कोहोल नाकात चढतं. बाटली फ्रिजमध्ये ठेवून सोळा ते अठरा अंशांच्या आसपास आणावी. एवढं न केल्यास दीड-दोन हजारांच्या बाटलीतही कूळ, माती आणि पिंप यांतलं काहीच जिभेपर्यंत पोचत नाही.